भावनिक बुद्धिमत्तेचे गुण कमी आले, म्हणून नोकरीत समाधान नाही का?

सिस्टर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हाला बघता येईल. तुम्ही जिल्हा रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला चार वर्षं आहात. मागच्या महिन्यात ‘भावनिक बुद्धिमत्ता’ या विषयावर एक दिवसाचं ट्रेनिंग झालं, प्रश्नावली भरून घेतली, तुमचे गुण कमी आले. ट्रेनर म्हणाले, ज्यांचे गुण जास्त तेच नोकरीत समाधानी असतात, तेव्हा हसतमुख राहायला शिका. तुम्ही लिहिलंय, ‘पेशंट एक्स्पायर झाला तरी आता काही वाटत नाही. नातेवाइकांवर आवाज चढतो. कितीही केलं तरी काही केल्यासारखं वाटत नाही. घरी मुलगा जवळ आला तरी नको होतं. माझ्यातच काही कमी आहे का? हे शिकता येतं, की सरळ नोकरी सोडू?’

मी स्टाफ नर्स म्हणून सुरुवात केली, पुढे परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, म्हणून मेडिसिनचे आणि सर्जरीचे वॉर्ड सांभाळले, आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. तुमच्यासारखं बोलणाऱ्या कितीतरी जणी माझ्यासमोर बसून रडल्या आहेत. त्यामुळे पहिली गोष्ट ही सांगते की तुमच्या लिहिण्यात मला कौशल्याची कमतरता दिसत नाही, थकवा दिसतो. जिला खरोखरच काही वाटेनासं झालंय, ती ‘मला काही वाटत नाही’ याची इतकी काळजी करत बसत नाही.

त्या गुणांचं फार मनाला लावून घेऊ नका. भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडली. पुढे त्यांनी तिचे चार भाग सांगितले: भावना ओळखणं, विचार करताना त्या भावनेचा उपयोग करून घेणं, ती कशातून येते नि कशी बदलते हे समजणं, आणि ती हाताळणं. डॅनियल गोलमन यांनी १९९५ नंतर ती लोकप्रिय केली आणि मग ती ऑफिसांच्या ट्रेनिंगमध्ये शिरली. अशा ट्रेनिंगमध्ये जी प्रश्नावली देतात तिच्यात बहुतेक वेळा आपणच आपल्याला गुण द्यायचे असतात. ‘मी रागावर ताबा ठेवू शकते’, पाचपैकी किती? नाइट उतरून आलेली सिस्टर तिथे दोन लिहील, रजेवरून आलेली चार लिहील. समाधानाची प्रश्नावलीही तीच बाई, त्याच बैठकीत भरते. नर्सेसवरच्या बऱ्याच पाहण्या याच पद्धतीच्या आहेत. त्यांत कौशल्याचा आणि समाधानाचा संबंध दिसतो, हे खरं. पण कौशल्यामुळे समाधान आलं, की समाधानी माणसाला स्वतःत कौशल्य दिसलं, हे त्या कागदांवरून ठरत नाही. मी जे पाहिलंय त्यावरून दोन्ही थोडंथोडं खरं आहे, आणि वॉर्ड कसा चालतो यावर ते दोन्ही अवलंबून असतं.

तुम्हाला जे होतंय त्याला नाव आहे. ख्रिस्तीना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची पद्धत तयार केली. तिच्यात तीन गोष्टी बघतात: मन आटून जाणं, पेशंटकडे माणूस म्हणून बघणं कमी होणं, आणि आपल्या हातून काही होतच नाही असं वाटणं. तुमच्या चार ओळींत तिन्ही आलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीमध्येही बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ चाललेला ताण आटोक्यात न आल्यामुळे होणारी, नोकरीशी जोडलेली अवस्था, असं ते सांगतात. म्हणजे तुमच्या स्वभावाइतकंच, किंबहुना जास्तच, तुमच्या वॉर्डाकडे बघायला हवं.

आता ‘हसतमुख राहा’ याबद्दल. हा सल्ला मला मुळीच पटत नाही. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडला आणि त्या कामाला भावनिक श्रम म्हटलं. पगारासाठी चेहरा सांभाळणं हेही काम आहे, आणि ते दोन तऱ्हांनी होतं. एक, आत संताप आणि चेहऱ्यावर हसू. दुसरं, समोरच्याची बाजू मनात आणून आतली भावनाच थोडी बदलणं. पुढच्या बऱ्याच संशोधनात पहिल्या तऱ्हेचा संबंध थकव्याशी आणि असमाधानाशी दिसला. जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांतही हेच आलं की भावना दाबून ठेवली तर चेहरा शांत दिसतो, पण आतलं कमी होत नाही, उलट शरीरावरचा ताण वाढतो. तेव्हा आठ तास नुसतं हसू चिकटवून फिरलात तर घरी जाईपर्यंत मुलासाठी काही शिल्लक राहणार नाही. तुमच्या बाबतीत तेच होत असावं.

मग कौशल्य कशाला म्हणायचं? वॉर्डात उभं असताना आपल्याला काय होतंय हे वेळेवर ओळखणं, आणि त्या क्षणी पेशंटच्या उपयोगी पडेल असं वागता येणं. एवढंच. आणि ते शिकता येतं. एक प्रसंग जवळून बघू, कारण तुमचा आवाज तिथेच चढतो.

रात्रीचे अकरा. एक मुलगा काउंटरवर येऊन ओरडतो, ‘तासाभरापासून सांगतोय सलाईन संपलंय, तुम्हाला काही पडलीय की नाही?’ आवाज चढायच्या आधी आपलं शरीर खूण देतं. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान तापतात, माझ्या एका ज्युनिअरच्या हातातलं व्हेनफ्लॉनचं, म्हणजे सलाईनच्या सुईचं, पाकीट फाटायचंच नाही. तुमची खूण कोणती ते आठवडाभर शोधा. ती सापडली की तुम्हाला दोन-तीन सेकंद मिळतात, आणि तेवढे पुरतात. त्या वेळात मनात एकच गोष्ट आणायची: हा इतका घाबरलाय कशाला? आपल्या लोकांमध्ये एक पक्की भीती आहे की बाटली रिकामी झाली की नळीतून हवा शिरते आणि माणूस जातो. तो मुलगा तासभर त्या बाटलीकडे बघत बसलाय, आणि त्याच्या हिशेबाने बाप मरणाच्या दारात आहे. हे लक्षात आलं की राग आपोआप निम्म्यावर येतो, दाबावा लागत नाही. मग बोलायचं ते असं: ‘अकरा नंबरचे आजोबा ना? नाव काय त्यांचं? हे बघा, बाटली संपली तरी लगेच धोका नसतो, फार तर नळीत थोडं रक्त वर येतं. पाच नंबरच्या बाईंना ऑक्सिजन लावते आणि पहिली तुमच्याकडे येते. दहा मिनिटं.’ आणि दहा मिनिटांत जायचंच. जमणार नसेल तर मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, निरोप घेऊन पाठवायचं.

या उत्तरात हसू कुठेच नाही. नाव आहे, भीतीला उत्तर आहे, कारण आहे, वेळ आहे. नुसतं ‘थांबा’ म्हटलं की माणूस आणखी पेटतो, कारण त्याला किती आणि कशासाठी थांबायचं तेच कळत नाही. वाईट बातमी सांगण्यासाठी वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये सहा पायऱ्यांची पद्धत दिली. ती डॉक्टरांसाठी असली तरी तिच्यातली एक पायरी आपल्या फार कामाची आहे: सांगण्याआधी विचारायचं. ‘डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय?’ या एका प्रश्नाने निम्मी भांडणं टळतात, कारण राउंडला डॉक्टर बोलले तेव्हा हजर असलेला भाऊ वेगळा असतो आणि रात्री काउंटरवर आलेला वेगळा.

अर्थात प्रत्येक नातेवाईक असा वळत नाही. दारू पिऊन आलेल्या चार जणांसमोर, अंगावर धावून येणाऱ्यासमोर, हे काही चालत नाही, आणि तिथे कौशल्य दाखवायला जाऊच नये. मागे व्हा, सिक्युरिटीला बोलवा, आरएमओंना, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांना, फोन करा. वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि तो नर्सेसनाही लागू आहे. तक्रार रुग्णालयामार्फत व्हावी असा आग्रह धरा.

आता मृत्यूबद्दल. तुम्हाला सगळ्यात जास्त तेच खुपतंय असं मला वाटतं. सिव्हिलच्या वॉर्डात माणूस गेला की पुढे काय होतं ते आठवा. ईसीजीची सरळ रेघ केसपेपरला लावायची, वेळ लिहायची, सलाईन, लघवीचं कॅथेटर, नाकातली रायल्स ट्यूब काढायची, नाकात कापूस, हनुवटीला बँडेज, हातापायाला लेबल. बाई असेल तर मंगळसूत्र, जोडवी नातेवाइकांची सही घेऊन द्यायची. वॉर्डातल्या आया-मावशींना हाक मारायची, बॉडी पॅक करायची, स्ट्रेचर निघतं, गादी पुसून होते न होते तोच कॅज्युअल्टीतून फोन येतो की बेड आहे ना, पेशंट पाठवतोय. यात वाटून घ्यायला जागाच नाही. त्या वेळी काही न वाटणं ही मनाने केलेली तात्पुरती सोय आहे, आणि ती नसती तर पुढच्या पेशंटला तुम्ही नीट सुई लावू शकला नसता. अडचण तेव्हा होते जेव्हा ती सोय कायमची होते आणि घरापर्यंत येते.

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स नावाच्या नर्सने एक साधी पद्धत सुरू केली. मृत्यू झाल्यावर खोलीतले सगळे मिनिटभर शांत उभे राहतात, गेलेल्या माणसाचा आणि त्याच्यासाठी धडपडलेल्यांचा मान म्हणून. आपल्याकडे सगळ्यांना थांबवणं जमेल न जमेल. मी माझ्या वॉर्डात एवढंच ठेवलं होतं की पॅक करायच्या आधी सिस्टरने आणि मावशीने त्या माणसाचं नाव घ्यायचं, ‘निघतो हं बाबा आता’ असं काहीतरी म्हणायचं, आणि नंतर हात धुताना घाई करायची नाही. कुणी मनात देवाचं नाव घ्यायचं, कुणी नाही. पेशंट कुठल्या धर्माचा, कुठल्या गावचा, यावर शब्द बदलायचे. हे केल्याने रडू येईलच असं नाही, आणि यायलाच हवं असंही नाही. टानिया सिंगर यांच्या मेंदूवरच्या अभ्यासात दुसऱ्याचं दुःख स्वतःत भिनवून घेणं आणि त्याच्याबद्दल माया वाटून मदतीला उभं राहणं, यांत मेंदूतली वेगवेगळी जाळी काम करताना दिसली. पहिल्याने माणूस खचतो, दुसरं टिकतं. तेव्हा ‘मी रडत नाही म्हणजे मी दगड झाले’ असं स्वतःला म्हणू नका. त्या बाबांची हनुवटी बांधताना तुमचा हात हलका होता का, तेवढं बघा.

इथपर्यंत थोडक्यात सांगायचं तर, गुणांवरून काही ठरत नाही, तुमची लक्षणं बर्नआउटची वाटतात, हसू चिकटवल्याने ती वाढतील, आणि स्वतःची खूण ओळखणं, समोरच्याची भीती शोधणं, मृत्यूला क्षणभर जागा देणं हे शिकण्यासारखं आहे. पण एवढ्याने समाधान मिळेल का? खरं उत्तर असं की तुमच्या वॉर्डात नाइटला किती पेशंट आणि किती सिस्टर आहेत यावर ते अवलंबून आहे.

लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. एका नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी, नर्सच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी आणि नोकरीतल्या असमाधानाची १५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. एक पेशंट वाढला की एवढं. आपल्याकडे एका सिस्टरकडे रात्री अख्खा वॉर्ड असतो. तिला भावनिक बुद्धिमत्तेचे कमी गुण दिले आणि प्रश्न मिटला असं समजलं, तर तो तिच्यावर अन्याय आहे. मी हे रागाने लिहितेय आणि तो राग मला योग्य वाटतो.

अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सिंगमधल्या एका वेगळ्या त्रासाकडे लक्ष वेधलं: योग्य काय ते माहीत असतं, पण संस्थेची घडणच अशी असते की ते करता येत नाही. लकव्याच्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची हे तुम्ही पहिल्या वर्षी शिकलात. रात्रभर एकटीने ते शक्य नसतं. सकाळी माकडहाडावर लाल चट्टा, म्हणजे बेडसोरची सुरुवात, दिसतो आणि पोटात गोळा येतो. हा गोळा श्वासाच्या व्यायामाने जाणार नाही, आणि जाऊही नये. त्याचा उपयोग करा. सॅलोवे-मेयर यांनी भावनेचा उपयोग करून घेणं म्हटलं ते इथेही लागू पडतं. नर्सिंग नोट्समध्ये स्पष्ट लिहा: तारीख, शिफ्ट, सेन्सस म्हणजे वॉर्डातले एकूण पेशंट, ऑक्सिजनवर किती, बेशुद्ध किती, ड्युटीवर किती जणी, आणि कोणतं काम होऊ शकलं नाही. महिनाभराच्या अशा नोंदी घेऊन सगळ्यांच्या सह्यांनिशी अधिसेविकांना, म्हणजे मेट्रनना, पत्र द्या. ‘आमच्यावर ताण आहे’ असं लिहिलेलं पत्र फाइलला लागतं, ‘या तारखेला या पेशंटची कूस बदलता आली नाही’ असं लिहिलेल्याला उत्तर द्यावं लागतं. लगेच पोस्ट भरल्या जातील असं आश्वासन मी देत नाही. पण एक जादा मामा, नातेवाइकाला कूस बदलायला शिकवण्याची परवानगी, एखादी एअर मॅट्रेस, एवढं पदरात पडलेलं मी पाहिलंय, आणि तेवढ्यानेही रात्र बदलते.

समाधान शेवटी आपलं काम नीट झालं यातून येतं. पेशंट बरा झाला तरच ते मिळतं असंही नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच सिस्टर अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत जवळजवळ ४२ वर्षं होत्या. त्या बऱ्या होणार नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. एका पिढीच्या सिस्टर निवृत्त झाल्या, दुसऱ्या पिढीने भरवणं, पुसणं, कूस बदलणं चालू ठेवलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्या शुश्रूषेचं मनापासून कौतुक केलं. हे काम एकट्या सिस्टरच्या सोशिकपणावर चाललं नाही. एक खोली होती, पाळ्या होत्या, आणि प्रत्येक पाळीला आपल्या आधी कुणीतरी नीट केलंय हे दिसत होतं.

म्हणून मी एकेकट्या सिस्टरच्या ट्रेनिंगपेक्षा वॉर्डातल्या आपापसातल्या वागण्याला जास्त महत्त्व देते. इझाबेल मेंझीस यांनी १९६० च्या सुमारास लंडनच्या एका रुग्णालयातल्या नर्सिंगचा अभ्यास केला. तिथे पेशंटला नावाऐवजी बेड नंबरने आणि आजाराने ओळखलं जात होतं, ‘दहा नंबरचं लिव्हर’ असं. कामाचे तुकडे पाडून वाटून टाकलेले होते, म्हणजे कुणाची कुणाशी फार ओळख होऊ नये. दुःखापासून बचाव म्हणून हे सगळं उभं राहिलं होतं, पण त्यामुळे कामातला आनंदही गेला. शिकाऊ नर्सपैकी जवळजवळ एकतृतीयांश प्रशिक्षण अर्धवट सोडून जात होत्या. आपल्या वॉर्डांत बघा, ‘बारा नंबर हलला’ अशीच भाषा असते.

तुमच्या इन्चार्ज सिस्टर कशा आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. पेशंटसमोर ओरडणाऱ्या असतील तर तुमचा आवाज नातेवाइकांवर चढतो त्याचं अर्धं कारण तिथे असेल. समजूतदार असतील तर त्यांना एक सुचवा. बोस्टनचे वकील केनेथ श्वार्ट्झ १९९५ मध्ये कॅन्सरने गेले. आजारपणात ज्या मायेने त्यांना सांभाळलं गेलं ती त्यांना फार मोलाची वाटली, आणि त्यांच्या नावाने रुग्णालयांमध्ये बैठका सुरू झाल्या. डॉक्टर, नर्स, बाकी कर्मचारी एकत्र बसतात आणि एखाद्या केसमध्ये आपल्याला काय वाटलं तेवढंच बोलतात. उपचार बरोबर होता की चूक हा विषय तिथे नसतो. तुम्ही महिन्यातून एकदा दुपारी एका पाळीने दुसरीला वॉर्ड सोपवल्यावर, चहा मागवून, वीस मिनिटं बसू शकता. मामा-मावशींनाही बसवा, बॉडी तेच उचलतात. फक्त तिथलं बोलणं बाहेर जाणार नाही हे आधी ठरवा, नाहीतर कुणी तोंड उघडणार नाही.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. इथे मी परमनंट सिस्टरला एक सांगेन आणि कंत्राटीला दुसरं, आणि तुम्ही कोणत्या हे मला माहीत नाही. परमनंट असाल तर राजीनाम्याआधी वॉर्ड बदलून मागा. मेडिसिनमध्ये सुकलेल्या जणी एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विभागात, किंवा ओपीडीत पुन्हा उमललेल्या मी पाहिल्यात. कंत्राटी असाल, बदली मिळत नसेल आणि पगारही थकत असेल, तर दुसरीकडे अर्ज करण्यात काही गैर नाही. तो पळ काढणं नव्हे.

पण त्याआधी एक तपासा. चार दिवस सलग रजा घेतलीत आणि मुलाबरोबर खेळावंसं वाटलं, तर त्रास कामाचा आहे. रजेतही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, रडू येत असेल, आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. मग हे माझ्यासारखीने सोडवायचं काम नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तुमच्याच रुग्णालयात नको वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. जगणं नको असा विचार एकदा जरी आला असेल तर आजच फोन करा.

जमलं तर परत लिहा: तुमच्या वॉर्डात नाइटला सेन्सस किती असतो, सिस्टर किती असतात, आणि तुम्ही परमनंट आहात की कंत्राटी. अधिसेविकांना द्यायच्या पत्राचा मसुदा मी तुम्हाला करून देते.